ठकूआक्का न बघता बोलली

बसा. पाय पोटाशी घ्या, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. आणि मध्येच कुणी "मग काय झालं?" म्हणून विचारायचं नाही. काय झालं तेच सांगायला बसलोय आपण.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा या पठारावर गाडीवाट सुद्धा धड नव्हती. पण उंबरटेक गाव होतं, टेकावर उंबराईचं देऊळ होतं आणि घराघराला खुराडं होतं. त्या गावात ठकूआक्का नावाची बाई राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, शेताचा तुकडा नाही. गावठाणाच्या कडेला पाटलानं दिलेल्या जागेवर तिचं खोपट होतं. पण सगळ्या उंबरटेकमध्ये तिच्याइतका मान दुसऱ्या बाईला नव्हता, असं म्हणतात.

का? तर ज्या घरची कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसलेली असेल, त्या घरातून अंडी फुटायच्या दिवशी आक्काला बोलावणं यायचं. ती डाल्यापाशी, म्हणजे कोंबडीच्या टोपलीपाशी, उकिडवी बसायची. आता खुडूक कोंबडीच्या पंखाखाली हात घालून बघा एकदा, रक्त काढेल. घरच्या मालकिणीलासुद्धा सोडत नाही ती. पण आक्काचा हात गेला की कोंबडी डोळे मिटून गप बसायची, असं म्हणतात. आक्का एकेक पिल्लू उचलायची, तळहातावर घेऊन उजेडाला धरायची. डोकं बघायची, पंखाची कड उलगडून बघायची, पायाच्या नळ्या बघायची. आणि सांगायची, "हा कोंबडा. आईसारखा कबरा निघंल." दुसरं उचलायची. "ही तलंग. बापासारखी काळीभोर निघंल." तलंग म्हणजे अंड्यावर यायला आलेली तरणी कोंबडी, हे आपल्या शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगितलं.

सकाळी अंड्यातून बाहेर आलेलं, अजून नीट उभंही न राहणारं काळं पिल्लू. त्याचं नर-मादीपण आणि पुढं फुटायच्या पिसांचा रंग, दोन्ही आक्का सांगायची. आणि तसंच व्हायचं. एकदाही चुकली नाही.

जादू म्हणाल, तर गाववाले तेव्हा तसंच म्हणायचे. आक्काला मात्र त्या शब्दाचा राग यायचा. "डोळं हायत न्हवं तुमाला? मग बघा की," म्हणायची. तिनं लहानपणापासून खुराड्यात बघून बघून एक गोष्ट ताडली होती. या गावच्या कोंबड्या कबऱ्या, म्हणजे राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांच्या. आणि कोंबडे काळे. त्यांच्या पिल्लांत लेक आईचं उचलतात आणि लेकी बापाचं. ज्याच्या काळ्या डोक्यावर पांढरी चांदणी, तो आईसारखा कबरा कोंबडा. जिच्या डोक्यावर चांदणी नाही, ती बापासारखी काळी तलंग. एवढं तर हळूहळू गावातल्या पोरासोरांनाही कळून चुकलं होतं. पण आक्का तेवढ्यावर थांबायची नाही. पंख आणि पाय बघितल्याशिवाय तिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही.

या शब्दावर गावाचं बरंच काही अवलंबून होतं बरं का. तलंगा बाईमाणसाच्या मालकीच्या. सासरी जाणाऱ्या लेकीबरोबर तलंगांचं डालं जायचं. आणि कोंबडा उंबराईचा. अंडी फुटली त्याच दिवशी आक्कानं "कोंबडा" म्हटलेल्या एका पिल्लाच्या पायाला घरधनी लाल दोरा बांधायचा आणि देवीचं नाव घ्यायचा. दोरा बांधला की ते पिल्लू तिचं झालं. मग ते विकायचं नाही, पाहुण्याला कापायचं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोरा सोडायचा नाही. पुढं काही होवो, पिल्लू लंगडं निघो, आंधळं निघो, बांधलेला दोरा बांधलेलाच. एकानं हट्टानं सोडला होता म्हणतात. त्याचं घर गावात कुठं होतं, ते आज कुणाला दाखवता येत नाही.

तर अशी आक्का. आणि त्याच गावचे हैबतराव पाटील. माणूस वाईट नव्हता हो, पण डोक्यात एक गोष्ट शिरली की बाकी सगळं बाहेर. त्यांच्या डोक्यात नातू शिरला होता. एकुलता एक मुलगा, त्याची बायको मैना, आणि मैनेला दोन्ही मुली. आता ती तिसऱ्यांदा पोटुशी होती.

ज्येष्ठातल्या एका सकाळी पाटलाचा माणूस आक्काच्या दारात येऊन उभा राहिला. आक्का हात पुसत निघाली. तिला वाटलं, पाटलाच्या घरी अंडी फुटली असतील. अंगणात पाऊल टाकलं आणि तिला कळलं की हे प्रकरण वेगळं आहे. खुराड्यापाशी कुणीच नव्हतं. पाटील ओट्यावर बसले होते, त्यांच्या मागं दारात पाटलीणबाई सगुणाबाई डोक्यावरचा पदर धरून उभ्या होत्या, आणि खांबाआड मैना सुपात तांदूळ निवडत बसली होती. खरं म्हणजे निवडत नव्हतीच. एकच मूठ परत परत चाळवत होती.

"आक्का," पाटील म्हणाले, "पिल्लाचं कळतं तुला. मग माणसाचं का कळू नये? सूनबाईच्या पोटात काय हाय ते सांग."

आक्का दोन पावलं मागं सरली. "पाटील, पिल्लू हातात येतं. कवच फुटल्याबिगर मी बोलत न्हाई. कधी बोललेच न्हाई."

"मग आता बोलायचं." पाटलांनी आवाज चढवला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "घाटापलीकडचं एक घर माझ्या पोराला दुसरी बायको द्यायला तयार हाय. पोरगी चांगली हाय. दसऱ्याला सुपारी फोडायची का न्हाई, ते मला ठरवायचं हाय. पोटात मुलगा असंल, तर त्यांचा नारळ परत. मुलगी असंल, तर गाडी जुंपतो आन् हिला पोरींसकट माहेरी पोचवतो."

"आन् मला सांगता आलं न्हाई तर?"

"तर थांबायचं कशाला? तशीच जुंपतो."

मैनेच्या हातातलं सूप कललं आणि तांदूळ ओसरीवर सांडले. तिच्या माहेरी कोण होतं? आईबाप गेलेले, एक भाऊ, आणि ताटात वाढताना मोजून वाढणारी भावजय. तिथं दोन पोरी आणि तिसरं पोटात घेऊन जायचं म्हणजे काय, ते त्या अंगणातल्या प्रत्येकीला कळत होतं. आक्कानं मैनेकडं बघितलं. पोरीनं मान वर केली नाही.

आक्का "मुलगा" म्हणून मोकळी झाली असती, नाही का? पण पाटील काय दुधखुळे होते? ते हसून म्हणाले, "मला खूश करायला काहीतरी बोलशील, ते चालायचं न्हाई. तुझी विद्या खरी का नुसती चांदणी बघून सांगतीस, ते आधी बघणार. माझ्या घरची अंडी परवा फुटत्यात. सगळ्या गावासमोर सांग. खरं ठरलं तर तुझा पुढचा शब्दही मी खरा धरीन. चुकलीस तर गाडी हायच."

दोन दिवस आक्काच्या मनात धाकधूक होती. तसं बघायला गेलं तर भ्यायचं कारण नव्हतं. जन्मभर जे करत आली, तेच करायचं होतं. पण तिला पाटलाचं ते हसणं आठवत होतं. काहीतरी काळंबेरं आहे, एवढं तिला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सगळं गाव पाटलाच्या अंगणात लोटलं. डालं उचललं. आक्का खाली बसली, पहिलं पिल्लू उचललं. काळं पिल्लू, डोक्यावर चांदणी. दुसरं उचललं. चांदणी. तिसरं, चांदणी. आक्कानं हातानं बाकीची पिल्लं पसरली. सगळ्यांच्या डोक्यावर चांदणी! एकही डोकं कोरं नाही. मागं उभ्या बायका कुजबुजायला लागल्या. "आता गं बया, सगळे कोंबडेच?" एवढ्या सगळ्या पिल्लांत एक तलंग नाही, असं कधी होतं का?

पाटील ओट्यावर मिशीवरून हात फिरवत बसले होते. घाटाखालच्या बाजारातून त्यांनी गुपचूप एक कबरा कोंबडा आणला होता. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "याला कबऱ्या कोंबड्यांत सोडा, झाडून सगळ्या पिल्लांच्या डोक्यावर चांदणी येती." तेच त्यांनी केलं. गावातली पोरंसोरं जी खूण सांगतात, तीच त्यांनी मोडून ठेवली होती.

आक्कानं वर बघितलं. "पाटील, यांचा बाप दावा."

"बाप कशाला? तुला पिल्लं बघायची हायत."

आक्कानं हातातलं पिल्लू खाली ठेवलं. डोळे मिटून घटकाभर बसली. लोकांना वाटलं, संपलं हिचं. मैना दाराआड भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, ती कुठल्या देवाला हाक मारत होती कुणास ठाऊक. पण आक्का आत विचार करत होती. लेकी बापाचं उचलतात. या लेकींच्या डोक्यावर चांदणी आली, म्हणजे बापाकडंच चांदणी असली पाहिजे. बाप कबरा. आई कबरी. मग लेकींना चांदणी एकाकडूनच मिळाली आणि लेकांना दोघांकडून. दोघांकडून मिळालेलं जास्त दिसणार. दिसलंच पाहिजे.

तिनं डोळे उघडले आणि पहिलं पिल्लू पुन्हा उचललं. आता तिला दिसलं. याची चांदणी पसरट होती, कडा फिसकटलेल्या, पिठाचा हात लागल्यासारखी. दुसऱ्याची चांदणी लहान, नेटकी, तिळाएवढी टिकली लावावी तशी. आणि त्या टिकलीवाल्याच्या पायाच्या नळ्या पुढून काळपट होत्या, पसरट चांदणीवाल्याच्या पिवळट. एक सोडून सगळ्या पिल्लांत तसंच. तिचा हात भराभर चालू लागला. "हा कोंबडा. ही तलंग. तलंग. कोंबडा." पाटलाच्या माणसानं दोन खुराडी मांडली होती, त्यात दोन वाटण्या होत गेल्या.

शेवटी एकच पिल्लू राहिलं. त्याची चांदणी पसरट, पण पाय काळे. आक्कानं ते बराच वेळ हातात धरलं. तिनं पंखाची कड उलगडली, पुन्हा मिटली, पुन्हा उलगडली. पंखाचं आक्काला आधीपासून माहीत होतं की या जातीत तलंगांची पिसं थोडी आधी डोकावतात. या पिल्लाच्या पंखाला पिसाची टोकं डोकावत होती.

"तलंग," आक्का म्हणाली आणि उठली.

खुराड्यांना कुलपं लागली. किल्ली पाटलाच्या कमरेला. आता पिल्लं मोठी होईपर्यंत वाट बघायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, पाऊस पडत होता, भात लागत होतं, गाव आपल्या कामात होतं, पण जाता-येता प्रत्येकाची मान पाटलाच्या खुराड्याकडं वळत होती. आक्का त्या वाटेनं जाईनाशी झाली. मैना रोज पाणी घालायच्या निमित्तानं फळीच्या फटीतून आत बघायची. श्रावणात कोंबड्यांच्या खुराड्यात तुरे लालसर दिसायला लागले. तलंगांच्या खुराड्यात सगळे तुरे फिकट, एक सोडून. ती पसरट चांदणीवाली दांडगी होती, दुसऱ्यांना टोचायची, मान ताठ करून चालायची. "हा कोंबडाच," पाटलाचा माणूस चावडीवर सांगत सुटला. मैनेचं जेवण सुटलं.

भाद्रपद सरताना एका सकाळी पाटलांनी कुलपं काढली. पुन्हा सगळं गाव जमलं. कोंबड्यांचं खुराडं उघडलं आणि एकामागून एक कबरे कोंबडे बाहेर आले, तुरे लाल, शेपट्या वाकायला लागलेल्या. एकानं तर बाहेर येताच फाटक्या आवाजात आरवून दाखवलं. लोक हसले. दुसरं खुराडं उघडलं. तलंगा बाहेर आल्या. सगळ्यात शेवटी ती दांडगी. बाहेर आली, अंगण ओलांडून उकिरड्याच्या दगडावर चढली आणि मान उंच केली. आता आरवणार, असं सगळ्यांना वाटलं. ती दगडावर उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं, आणि तलंगा घालतात तसली रेंगाळत साद घातली, "कोऽऽक, कोक, कोक." पाटलांनी स्वतः तिला धरलं, तुरा बघितला, शेपूट बघितली, पाठीवरची पिसं बघितली. तलंग होती.

बायकांनी टाळ्या पिटल्या, काहींनी आक्काच्या पायाला हात लावला. पण आक्काचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतंच. तिला माहीत होतं की खरी परीक्षा आता आहे. आणि या परीक्षेला बघायला तिच्या हातात काही नव्हतं.

"मानलं तुला," पाटील म्हणाले. "आता सांग. पोटात काय हाय?"

मैना दारात उभी होती. तिच्या दोन्ही मुलींनी तिच्या निऱ्या पकडल्या होत्या. धाकटी अंगठा चोखत होती. आक्कानं मैनेच्या पोटाकडं बघितलंच नाही. काय दिसणार होतं तिथं? तिनं त्या दोन पोरींकडं बघितलं आणि तिच्या मनात आलं, या खऱ्या बोलण्याच्या जोरावर मी आज खोटं बोलणार. जन्मभर जोडलेलं सगळं एका शब्दात खर्ची पडणार.

"मुलगा," ती म्हणाली.

ठकूआक्का आयुष्यात पहिल्यांदा न बघता बोलली.

मग पाटलांना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी घाटापलीकडचा नारळ परत पाठवला. आणि तिथल्या तिथं सगळ्या गावाला घेऊन टेकावर गेले. मैनेला उंबराईच्या पायरीवर उभं केलं, लाल दोरा काढला आणि तिच्या मनगटाला बांधला. "आई, हा माझ्या घराचा वारस. तुझ्या नावानं बांधला." लोकांनी चांगभलं केलं. आक्का मात्र पायरीच्या खालीच थांबली होती. अंडं फुटायच्या आधी दोरा कधी कुणी बांधला होता का? कुणालाच आठवत नव्हतं. तिनं पाटलाला थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं म्हणजे खोटं उघड करायचं. ती गप राहिली, आणि त्या दिवसापासून तिला वाटायला लागलं की आपण पाटलाला फसवलं ते फसवलं, देवीलाही फसवलं.

मैनेनं तिला एकदाच विचारलं. पाणवठ्यावर आजूबाजूला कुणी नव्हतं. "आक्का, खरं का वो?"

आक्कानं घागर खाली ठेवली. तिला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. "तू पोटभर जेव बाई. बाकीचं माझ्यावर सोड," म्हणाली. मैना समजायचं ते समजली. पण तिनं घास सोडला नाही. पोरगी धीराची होती.

पौष आला, माघ आला. माघातल्या एका दुपारी मैनेला कळा सुरू झाल्या. सुईण तानूबाई आत गेली आणि तिनं आक्कालाही आत घेतलं. बाहेर अंगणात पाटील, सगुणाबाई, त्यांचा मुलगा, आणि सगळं गाव. वाजंत्री आणून बसवली होती. पाटलांच्या हुकमानं मानाचा फेटा खुंटीवरून काढून तबकात ठेवला होता, वारसाच्या अंगावर घालायला. आत मैनेचा आवाज चढत होता आणि बाहेर वाजंत्रीवाला उगाच पिपाणी पुसत होता.

उन्हं उतरायच्या आधी बाळ रडलं. आणि असं म्हणतात की त्या क्षणी गावातले झाडून सगळे कबरे कोंबडे भर दुपारी आरवले. बाहेरच्यांना वाटलं, देवीनंच सांगितलं. वाजंत्री वाजायला लागली.

आत तानूबाईनं बाळाला उचललं आणि तिचा चेहरा पडला. मुलगी होती. गोरीगोमटी, हातपाय ताठ करून रडणारी. मैनेनं तानूबाईचा चेहरा बघितला आणि डोळे मिटून घेतले. तानूबाई आक्काच्या कानाशी आली. "मागच्या दारानं जा बाई. ओढा वलांडलास तर सांजंपर्यंत दुसऱ्या गावात पोचशील. आता ह्यो माणूस तुला सोडायचा न्हाई."

आक्काला पळावंसं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? फार वाटलं. तिचे पाय मागच्या दाराकडं वळलेही. पण मग तिनं धुवून पुसलेलं बाळ हातात घेतलं, पदरात गुंडाळलं आणि पुढच्या दारानं बाहेर आली.

वाजंत्री आपोआप थांबली. आक्काच्या चेहऱ्याकडं बघून.

"मुलगी हाय," आक्का म्हणाली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "पाटील, मी त्या दिवशी बघून बोलले न्हाई. मला काय ठाऊक न्हवतं. तरी बोलले. चूक माझी हाय, मैनेची न्हाई, या लेकराची न्हाई. मला घालवा. माझं खोपट जाळा. पण हिला घरात ठेवा."

पाटील उठले. "खोटारडे! देवीसमोर माझ्या हातनं दोरा बांधून घेतलास!" त्यांनी आपल्या माणसाकडं बघितलं. "गाडी जुंप. तानूबाई, आत जा, सूनबाईच्या हातातला दोरा तोड आन् माझ्याकडं आण."

तानूबाई दारात आली होती. तिच्या हातात नाळ कापायचा विळा होता. ती त्या विळ्याकडं बघत म्हणाली, "मालक, ह्यो नाळ कापायला आणलाय. दोरा मी कापायची न्हाई."

पाटलांनी माणसाला सांगितलं. तो गाडी जुंपायच्या निमित्तानं गोठ्यात पळाला. मुलाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग पाटील स्वतः दाराकडं निघाले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं, पण त्या क्षणी त्यांना कसलंच भान नव्हतं.

दारात सगुणाबाई येऊन उभ्या राहिल्या. एवढा वेळ त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सगळा जन्मच नवऱ्यासमोर त्या फारसं बोलल्या नव्हत्या, असं म्हणतात.

"सरा बाजूला," पाटील म्हणाले.

"न्हाई सरणार." त्यांचा पदर डोक्यावरून घसरला होता आणि त्यांनी तो सावरला नाही. "आक्का न बघता बोलली. मान्य हाय. आन् तुमी? तुमी तरी कुठं बघून बांधला दोरा? या गावात पिल्लाच्या पायातला दोरा कुणी सोडत न्हाई. लंगडं निघालं तरी न्हाई. तुमी माझ्या नातीचा सोडायला निघालात? तुमी ज्या पोटाला वारस म्हणालात, त्यातनं हीच आली. आईच्या पायरीवर बोललात तुमी. मी तिथंच होते. सगळं गाव होतं."

"पोरगी वारस? लोक हसतील."

"हसू द्यात. आईनं घर पुसून टाकण्यापेक्षा लोक हसलेले बरे."

मग त्यांनी तबकातला मानाचा फेटा उचलला. आक्काच्या हातून बाळ घेतलं, पदर बाजूला केला आणि तो लांबलचक फेटा त्या एवढ्याशा जिवाभोवती गुंडाळत गेल्या. डोक्यावरून, अंगावरून, पुन्हा डोक्यावरून. बाळ दिसेनासं झालं, नुसता आवाज यायला लागला. अंगणातली एक म्हातारी पुढं झाली आणि तिनं सगुणाबाईंच्या शेजारी उभं राहून दार अडवलं. मग दुसरी. मग सगळ्याच. ज्यांनी जन्मभर आक्काच्या शब्दावर आपल्या लेकींची डाली भरली होती, त्या सगळ्या दारात उभ्या होत्या.

पाटील दारापासून मागं वळले. मग ओट्यावर जाऊन बसले. गाडी जुंपून आणली होती, ती त्यांनी हातानंच परत न्यायला सांगितली. ते काही हसले नाहीत, की बाळाला मांडीवर घेतलं नाही. ते त्यांनी नंतर केलं, पुष्कळ नंतर. पण दोरा तोडला नाही आणि मैनेला घालवलं नाही.

आता कुणी म्हणेल, मुलीला मुलगी म्हणून ठेवून घ्यायला काय झालं होतं? त्यासाठी दोरा कशाला, देवी कशाला, फेटा कशाला? बरोबर आहे तुमचं. काही लागायला नको होतं. पण तेव्हा लागलं, आणि ज्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी वापरलं.

ती मुलगी मोठी झाली. मानाबाई नाव ठेवलं. उंबराईच्या पालखीला पहिला खांदा तिचा, पहिला नांगर तिच्या हातचा. ती चावडीवर बसायची तेव्हा घाटाखालचे लोक न्याय मागायला चढून यायचे, असं म्हणतात.

आणि आक्का? तिला कुणी घालवलं नाही. उलट बायकांनी तिचं खोपट नव्यानं शाकारून दिलं. पण त्या दिवसानंतर तिनं डाल्यात हात घातला नाही. किती विनवण्या केल्या लोकांनी! "ज्या तोंडानं न बघता सांगितलं, त्या तोंडानं आता पिल्लावर बोलायचं न्हाई," एवढंच म्हणायची. मैनेसाठी केलं त्याचा तिला पस्तावा नव्हता. तिनं ते परत केलं असतं. पण किंमत ती स्वतःच देत राहिली. बोलायची नाही, पण शिकवायची. घराघरात जाऊन बायकांना पुढ्यात बसवायची, पिल्लू त्यांच्या हातावर द्यायची, "चांदणी बघ. नुसती चांदणी न्हाई, तिची कड बघ. आता पंख. आता पाय. घाई करू नकोस." मैनेला शिकवलं, मानाबाईला शिकवलं. म्हणून आज उंबरटेकची कुठलीही बाई हातात पिल्लू घेऊन सांगते.

ती गेली तेव्हा कुणाच्याच मालकीची नसलेली एक कबरी कोंबडी पिल्लांचं लेंढार घेऊन तिच्या खोपटाभोवती फिरली आणि टेक चढून देवळाच्या मागं नाहीशी झाली, असं म्हणतात. कुठं गेली ते कुणाला सापडलं नाही.

अजूनही उंबरटेकला मुलगी जन्मली की बारशाला पाळण्यात घालायच्या आधी तिला फेटा बांधतात. घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं बांधायचा, आणि बांधताना एकदा मोठ्यानं "आक्का" म्हणायचं. गरिबाच्या घरी फेटा नसला तर शेजारी देतात, नाही म्हणायची पद्धत नाही. गेल्या महिन्यात खालच्या आळीला बारसं झालं. फेटा पणजोबांचा होता, फार मोठा. पोरीच्या नाकापर्यंत आला आणि ती किंचाळायला लागली. सगळ्या बाया हसल्या, पण काढला कुणी नाही. तशीच पाळण्यात घातली आणि नाव ठेवलं.